उठवू का, आजी?

...आणि वर मलाच विचारतात, "आजी, तुम्ही मेलात कशाला?" आता ह्याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. माणूस काय ठरवून मरतो? पाठीमागून कोणी आलं, कुऱ्हाड घातली, मेले. खेळात हो, खेळात. हेर्मिंदाबाई, लगेच छातीवर क्रूस काढू नका, मी ही काय तुमच्यासमोर ठणठणीत उभी आहे. बसा. अल्मोहाबाना आत्ताच भट्टीत सरकवल्यात, आज त्या पावातलं चीज जरा ओलं होतं, फुगायला वेळ लागेल. तोवर कॉफी घेता?

बघा, नको म्हणाल्या. म्हणजे त्यांना हवी आहे. आता मी म्हणणार, घ्या हो, केलेलीच आहे, त्या म्हणणार, कशाला उगाच त्रास, मी म्हणणार, त्रास कसला, अर्धाच कप, आणि मग त्या घेणार, भरून कप. ह्या आपल्या डोंगरातल्या नोब्सा गावात जन्मल्यापासून मी हेच बघत आले. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस मी पाहिलाच नव्हता, हे किनाऱ्याकडचे इंजिनियर साहेब आपल्या रस्त्याच्या कामावर येईपर्यंत. पहिल्या दिवशी विचारलं, साहेब, कॉफी? म्हणाले, द्या. मी किटली घेऊन तशीच उभी. अहो, मला अजून दोनदा विचारायचं होतं, ते मी आता कुठं ठेवू? असू दे, साहेब, तुम्ही हसताय, माणूस चांगले आहात, तुमच्याकडे तशीच पद्धत असेल. पण रीत म्हणून काही असते की नाही?

तर मी काय सांगत होते... हां, मेले. तुम्ही म्हणाल, ह्या वयात आनातिल्देला हे लढायांचं खूळ कुठून लागलं. तुम्हाला सांगते. माझी नुबिया पोरीला घेऊन चिलीला गेली, आंतोफागास्ताला, तिथं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आहे, चांगलं चाललंय, देवाची कृपा. पोर गेली तेव्हा एवढीशी होती, लिसेत, तुम्हाला आठवत असेल, ह्या इथं मैद्याच्या पोत्यावर बसून दिवसभर बडबडायची, कोंबडीला पाय दोनच का, चीजला भोकं कोण पाडतं, मी म्हणायचे, अहो बाईसाहेब, जरा श्वास घ्या. आता पंधरा वर्षांची घोडी झाली आणि बोलणंच बंद. दर रविवारी नुबिया फोन तिच्या हातात देते. मी हात धुऊन, खांद्यावरची लोकरी रुआना नीट करून बसते, जशी काही ती मला बघणारच आहे. आणि मला काय मिळतं? "हो, आजी. बरं, आजी. चाओ, आजी." धुतलेले हातही वाळत नाहीत माझे तेवढ्यात. मला आवाज ऐकायचा असायचा हो तिचा, दुसरं काही नको होतं, आणि इतके दिवस झाले की तो कसा होता हेच मला आठवेना.

नुबिया म्हणाली, "आई, तुझ्याशीच नाही, ती कोणाशीच बोलत नाही. शाळेतून आली की दार बंद आणि खेळ."

"कसला खेळ?"

"लढाईचा. फोनवर. टीम असते त्यांची, गप्पा मारतात म्हणे त्यात."

म्हटलं, गप्पा मारतात? मग मीही लढते.

नुबियाला वाटलं मी थट्टा करतेय. पण त्यांच्या टीममधला चौथा गडी त्याच आठवड्यात सोडून गेला होता, आणि पोरीला नाही म्हणता येईना, आजीच ना मी. तर झाले भरती. आमची कप्तान लिसेत, पण तिथं ती लिसेत नाही, तिथं तिचं नाव काळा कोंडोर, गिधाडाचं नाव हो पोरीला. दुसरा ओस्मिन, होंडुरासचा, टॅक्सी चालवतो, गिऱ्हाईक नसलं की लढतो. तिसऱ्याचं नाव आजतागायत मला माहीत नाही, तो फक्त ओके लिहितो. काहीही विचारा, ओके. किल्ला पडला, ओके. किल्ला जिंकला, ओके. मी त्यांना ओकेदादा म्हणते.

आता पहिला दिवस ऐका. आत गेले. आठ माणसं, चार आमची, चार पलीकडची. बसमध्ये चढल्यावर, दवाखान्यात शिरल्यावर माणूस काय करतो? मला काही भराभर लिहिता येत नाही, मी माईकच उघडला आणि म्हटलं, सगळ्यांना शुभ दुपार, काळे कोंडोर, तुम्हाला शुभ दुपार, जेवलात का, ओस्मिन, तुम्हाला शुभ दुपार, घरी सगळी बरी ना, ओकेदादा, तुम्हाला शुभ दुपार, आणि पलीकडच्या मंडळींनाही, तुमचं काय नाव म्हणालात... चौथ्या शत्रूपर्यंत पोचते तोवर आमचा निम्मा किल्ला खाली. ओस्मिन ओरडतोय, "आजी, मारा, मारा त्याला!" आता ज्याची तब्येत नुकतीच विचारली त्याला लगेच कसं मारायचं? रीत म्हणून काही असते की नाही?

बरं, मी मारत नाही असं नाही. मारते. पण सांगून मारते. "माफ करा हं, तुम्हाला जरा कुऱ्हाड घालतेय." सगळ्यांना अहो-जाहो. मी आमच्या कानेलोलाही अहो म्हणते, तो कुत्रा आहे, मग चिलखत घातलेल्या माणसाला अरे-तुरे करू? त्यांच्या किल्ल्यात शिरायची पाळी आली, ओस्मिन म्हणतो घुसा, मी फाटकाशी उभी राहून म्हणते, येऊ का? आतून कोणी तरी म्हणालं, "ए म्हातारे, निघ इथून." म्हटलं, हो बाळा, जानेवारीत सदुसष्ट पुरी होतील, तुम्हाला किती? बाण मारला मेल्यानं.

आणि ह्या सगळ्यात माझी लिसेत? गप्प. सगळे बोलतात, ती लिहिते. "डावीकडून जा." "मागे या." मी विचारायचे, कोंडोरसाहेब, घसा बसलाय का, लिंबू-गुळाचं पाणी घ्या. लिहायची, "आजी, खेळाकडे लक्ष दे." म्हणजे बघा, ज्या आवाजासाठी मी कुऱ्हाड उचलली, तेवढा एकच आवाज त्या गोंगाटात नाही. तरी मी जायचे, रोज. निदान ती त्या पडद्यावर माझ्या शेजारी चालायची, काळं चिलखत घालून, डोकं जरा खाली घालून, लहानपणी बाजारात चालायची तशी. मला तेवढंही पुष्कळ वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता मरण्याचं. त्या खेळात माणूस पडला की लगेच संपत नाही. आपला गडी जवळ येतो, पडद्यावर विचारणा येते, 'उठवू का?', खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नको'. तर मी पडले. ओस्मिन बिचारा बाणांच्या माऱ्यातून सरपटत माझ्यापर्यंत आला. उठवू का? आता तुम्ही सांगा, हेर्मिंदाबाई, तुम्ही काय दाबलं असतं? बरोबर, 'नको'. मीही दाबलं. माणूस एवढ्या लांबून आलाय, त्याला आणखी तसदी... मी वाट बघतेय, आता तो म्हणेल, उठा हो आजी, त्यात काय. आणि काय सांगू, तो खेळ दुसऱ्यांदा विचारतच नाही! 'नको' म्हटलं की नको. थेट स्वर्गात. कोणी बनवला असेल हा खेळ, त्याला लहानपणी कोणाकडे पाहुणा म्हणून नेलंच नसणार. साहेब, तुमच्याकडचाच असेल कोणी.

ओस्मिन विचारतो, "आजी, मेलात कशाला? मी होतो ना उठवायला?" म्हटलं, तुम्ही एकदाच विचारलंत. त्यानं टॅक्सीचा हॉर्नच दाबून धरला, मला इथं ऐकू आला. आणि हे एकदा नाही झालं, पाचसहा लढाया मी अशाच घालवल्या, कारण बोटाला सवय, बोट आपलं आपणच 'नको'वर जातं.

शेवटी ओस्मिननं तोंड उघडलं. म्हणाला, "आजी, राग मानू नका, शनिवारी मोठा सामना आहे. हरलो तर आम्हाला दुसरा गडी बघावा लागेल." मी बघतेय, लिसेत काय म्हणते. तिनं लिहिलं, "आजी, शनिवारी एक शब्द बोलू नकोस. प्लीज." त्या प्लीजनं माझं काळीज हललं हो. म्हणजे मी जावं असं तिलाही वाटत नव्हतं. पण गप्प राहिले नाही तर जाणार, हे नक्की. आणि गेले की उरले काय, रविवारचे ते हो-बरं-चाओ.

शनिवार आला. भट्टी विझवली, दुकानाला कडी घातली, तोंडात लवंग धरली, म्हणजे तोंड उघडायचं सुचायला नको. पलीकडच्या टीमचा कप्तान, त्याचं नाव जल्लाद. त्यानं आपणच ठेवलेलं हो, आईबापांनी नव्हे. काय त्याचं तोंड, काय ती भाषा, सुरुवातीपासून शिव्यांची लाखोली. माझ्या जिभेवर आलेलं, शुभ दुपार म्हणा आधी... पण लवंग. गप्प. फाटकाची राखण माझ्याकडे दिली होती, तिथं खांबासारखी उभी. ओस्मिन खूश. ओकेदादा ओके.

आणि अचानक कानात आवाज आला, "आजी, मागे! मागे बघ!"

तुम्हाला सांगते, मी मागेबिगे काही बघितलं नाही. तो आवाज. जरा घोगरा झालेला, मोठ्या मुलीचा झालेला, पण तोच, चीजला भोकं कोण पाडतं म्हणणारा. माझ्या पाठीवर कोणी तरी कुऱ्हाड घेऊन येत होतं म्हणून पोरीनं भानच सोडलं आणि माईक उघडून ओरडली. माझ्यासाठी हो.

तो कुऱ्हाडवालाही जागीच थबकला. पण तो आवाज ऐकला जल्लादनंही. "अरेच्या! पोरगी आहे ही! काळा कोंडोर म्हणे... ए पोरी, जा, भांडी घास जा घरी. इथं काय करतेस?" आणि पुढं जे बोलला ते मी ह्या दुकानात, गरम पावासमोर, नाही सांगणार. त्याचे तिघे खिदळतायत. आणि माझी लिसेत एकदम बंद. आवाज बंद, लिहिणंही बंद, ते काळं चिलखत जागच्या जागी उभं. तेव्हा मला कळलं. घसाबिसा काही बसला नव्हता. पोर तोंड मिटून खेळत होती ती ह्याच्यासाठी. असल्या तोंडांसाठी. आणि तोंड मिटायची सवय लागली की मग ती रविवारीही सुटत नाही.

लवंग थुंकली मी.

म्हटलं, शुभ दुपार, जल्लादसाहेब. मी आनातिल्दे, मुक्काम नोब्सा, कोंडोरची आजी. आपण कुठले?

तो चमकलाच. "कोण... आजी? ग्वायाकिलचा. का?"

"वा, ग्वायाकिल. उकडत असेल. जेवलात का?"

"ह्यँ? नाही अजून."

"म्हणूनच चिडचिड होतेय. आणि आई बऱ्या आहेत ना तुमच्या?"

मला नंतर ओस्मिननं सांगितलं, तिथं आईचं नाव कोणी काढलं की ती शिवीच असते, दुसऱ्या कशासाठी आई तिथं येतच नाही. मला काय ठाऊक! मी आपली चौकशी केली. जल्लाद भडकला, "ए, माझ्या आईचं नाव घ्यायचं नाही!" म्हटलं, का हो, भांडलात का त्यांच्याशी? माणसाची तब्येतही विचारायची नाही? रीत म्हणून काही असते की नाही?

आणि तेवढ्यात मागून, लांबून, एका बाईचा आवाज, "कोण रे माझी चौकशी करतंय?"

मुलानं फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला हो! आई स्वयंपाकघरात! मी म्हटलं, नमस्कार बाई, मी आनातिल्दे, नोब्साची, तुमचे चिरंजीव आणि आम्ही लढतोय. त्या हात पुशीत आल्या असणार, म्हणाल्या, "नमस्कार, नमस्कार, मी सोइला. बघा ना, किती वेळ झाला जेवायला हाका मारतेय." म्हटलं, काय केलंय आज? म्हणाल्या, हिरव्या केळ्यांचे गोळे. म्हटलं, त्यात चीज घालता का? म्हणाल्या, घालते तर! मग काय विचारता, मी माझं चीज सांगितलं, त्यांनी त्यांचं सांगितलं, केळं उकडून की परतून ह्यावर जरा मतभेद झाला, आणि मागून जल्लाद हळू आवाजात, "आई... आई, लढाई चाललीये..."

मग सोइलाबाईंनी आवाज बदलला. "आनातिल्देबाई, एक विचारू? मघाशी कोणा मुलीला भांडी घास जा म्हणत होता, ते मी ऐकलं. मला वाटलं टीव्हीवर आहे. ती कोण होती?"

मी काही चुगली केली नाही. म्हटलं, माझी नात.

पुढचं मला दिसलं नाही, पण ऐकू आलं. "ऊठ. ऊठ म्हणते ना. सकाळपासूनची पडलीत, कढईसकट. साबण खिडकीत आहे." आणि पडद्यावर तो एवढा थोरला जल्लाद, शिंगांचं शिरस्त्राण, दोन कुऱ्हाडी, एकदम पुतळा झाला. गेला भांडी घासायला.

लिसेत हसली. आधी नाकातून, मग मोठ्यानं, थांबेचना, उचकी लागली तिला. ओस्मिन टॅक्सी बाजूला घेऊन हसतोय. मी रडतेय, पण ते कोणाला दिसत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, जल्लाद गेला म्हणजे आम्ही जिंकलो. जिंकलोच असतो! पण त्याचे ते तिघे उरले होते ना, ते आले माझ्या फाटकाशी. आणि काय सांगू, किती बदललेली पोरं! कुऱ्हाडी खाली घेतलेल्या. एक जण म्हणतो, "शुभ दुपार, आजी. आत येऊ का?"

आता सांगा, मी काय म्हणणार? इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी तरी त्या खेळात मला विचारून आत येत होतं. म्हटलं, या ना, या.

आले. किल्ला घेतला. हरलो.

ओस्मिननं टॅक्सीचं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "आजी, ठरलं होतं ना आपलं. हरलो तर..." म्हटलं, हो, ठरलं होतं. आणि तेवढ्यात पडद्यावर ओकेदादांचं लिखाण उमटलं. मला वाटलं, ओके असेल, म्हणजे गेलेच मी. पण ते लांबत चाललेलं. "शुभ दुपार, आजी. मी एकटा राहतो. जेवलात का, असं मला रोज फक्त तुम्ही विचारता. जाऊ नका." एवढं लिहिलं, आणि खाली एक ओके.

ओस्मिन म्हणाला, "झालं तर मग. आजी, राहा तुम्ही."

आणि मी काय म्हटलं असेन? म्हटलं, नको नको, माझ्यामुळे तुम्हाला कशाला तोटा, जाते मी, नवा गडी घ्या चांगला.

तोंडातून गेलं हो! सवय! जे मागायला आले तेच समोर ठेवलेलं, आणि मी म्हणतेय नको! ओस्मिन सुस्कारा टाकून म्हणतो, "बरं आजी, तुमची इच्छा." आणि त्याचं बोट त्या बटणावर, मला टीममधून काढायच्या. आता हो कसं म्हणू? एकदाच विचारलंय!

तेव्हा लिसेत म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांच्या कानात, "थांब, ओस्मिन! हात काढ. तिला अजून दोनदा विचारायचंय."

किती वर्षांपूर्वी गेली हो ती इथून. एवढीशी होती. मला वाटलेलं तिथं समुद्रकाठी सगळं धुऊन गेलं असेल. आणि पोरीनं विचारलं, "आजी, राहा ना." म्हटलं, कशाला उगाच. "आजी, अहो राहा, तुम्ही असलात की मला बोलावंसं वाटतं." मला अहो म्हणाली, आपल्याकडच्यासारखं. मी म्हटलं... काय म्हटलं कोण जाणे, राहते म्हटलं असेन.

मी सगळ्यांची ऋणी आहे, खरंच सांगते. ओस्मिनची, ओकेदादांची, सोइलाबाईंची, त्यांचा आता दर मंगळवारी फोन असतो. त्या जल्लादचीसुद्धा, त्याचं खरं नाव एवेर, माफी मागितली त्यानं लिसेतची, सुरुवातीला आई मागे उभी होती म्हणून, पण आता आपणहून शुभ दुपार म्हणतो. आणि लिसेत बोलते. काय बोलते म्हणून सांगू, शाळा, मैत्रिणी, कोण कोणाला काय म्हणालं, मी म्हणते, अहो बाईसाहेब, श्वास घ्या. कुऱ्हाड घालताना समोरच्याला म्हणते, "माफ करा हं." टीमचं म्हणाल तर तेव्हापासून एक सामना जिंकलेला नाही. मी पडले की तिघंही लढाई टाकून माझ्याभोवती जमतात आणि आधी तोंडानं तीनदा विचारतात, मग बटण. तोवर किल्ला जातो. यादीत आम्ही सगळ्यात खाली आहोत, पण आमच्याशी लढायला रांग लागते म्हणे, कोणी तरी जेवलात का विचारतं म्हणून.

कसला वास येतोय... अरे देवा. भट्टी! सरका, सरका, हेर्मिंदाबाई, ते फडकं द्या... गेल्या. सगळ्या गेल्या, बघा, खालून कोळसा. हे असं होतं रोज, एक तर खेळताना जळतात नाही तर खेळाचं सांगताना. वरून बऱ्या आहेत तशा. खरवडून चालतील. घ्या, हेर्मिंदाबाई? नको, बरं, तुम्हाला पुन्हा विचारते. तुम्ही, साहेब, गरम आहे, घेता एक?

काय, नको म्हणालात? तुम्ही, साहेब? पहिल्याच विचारण्याला नको?

अहो, शिकलात की आमची रीत! थांबा, अजून दोनदा विचारते.